साडेसव्वीस अंशांवरचा सुळका

काचेच्या बीकरमध्ये कॅडमियमच्या क्षाराचे पाणी, त्यात अमोनिया, त्यात थायोयुरिया. साबणाने, आम्लाने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन घेतलेली काचपट्टी त्यात उभी सोडायची आणि बीकर सत्तर अंशांच्या आसपास गरम ठेवायचा. थोड्या वेळाने पाणी पिवळे होते आणि काचेवर पिवळाधमक थर धरतो. हा कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, पदार्थविज्ञान अधिविभागात, अशा थरांवर कित्येक वर्षे काम चालत आले आहे. सी. डी. लोखंडे, पी. एस. पाटील अशा प्राध्यापकांची नावे जगभरच्या शोधनिबंधांत ‘थिन फिल्म’ या विषयाशी जोडली गेली ती इथूनच. बीकरमधून, फवाऱ्यातून, विजेच्या साहाय्याने असे नाना प्रकारे इथे थर चढवले जातात. ते पुढे सौरघट, वायू ओळखणारे सेन्सर, सुपरकपॅसिटर यांच्या कामी येतात.

थर तयार झाला की पोरे एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात: एक्सआरडी काढला का?

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांचे विवर्तन. तांब्याच्या पत्र्यावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळवून काढलेले क्ष-किरण काचपट्टीवर सोडायचे आणि ते कोणत्या कोनात जास्त परततात ते मोजायचे. यंत्राच्या पडद्यावर फोटो येतच नाही. येतो तो एक आलेख. आडव्या अक्षावर वीस ते ऐंशी अंश, उभ्या अक्षावर किरणांची तीव्रता, आणि सपाट रेषेतून मध्येच उठलेले सुळके. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘पीक’. कॅडमियम सल्फाइडचा ठळक पीक साधारण साडेसव्वीस अंशांवर येतो. पुढचे गणित अकरावीच्या मुलालाही जमावे असे आहे. त्या कोनाचे निम्मे करायचे, त्याचा साइन काढायचा, त्याची दुप्पट करायची आणि क्ष-किरणांच्या तरंगलांबीला, म्हणजे ०.१५४ नॅनोमीटरला, तिने भागायचे. उत्तर येते ०.३३६ नॅनोमीटर. पिवळ्या थरातल्या अणूंच्या एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचे हे अंतर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि इथे त्याचाही जेमतेम एक-तृतीयांश मोजून झाला. हे सूत्र ब्रॅग पितापुत्रांच्या नावाने ओळखले जाते आणि ते १९१३ सालचे आहे.

अणू कुणी पाहिलाय का, या प्रश्नाचे उत्तर द्यायला इथून सुरुवात करणे बरे. कारण डोळ्यांनी पाहणे हा रस्ता पहिल्याच पावलाला बंद आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि अणूचा व्यास ०.१ ते ०.५ नॅनोमीटरच्या घरातला. एवढ्या मोठ्या लाटेला एवढ्या छोट्या वस्तूचा पत्ताच लागत नाही. म्हणून अणूचे जे जे चित्र म्हणून आपल्यापुढे येते, ते कशाचा तरी मारा करून, काय कुठे उडाले ते मोजून, मागाहून मांडलेला हिशेब असते. मारा बदलला की चित्र बदलते. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात, न्यूट्रॉनांना केंद्रक दिसते, सुईच्या टोकाला फक्त वरचा पृष्ठभाग लागतो. यातले खरे चित्र कोणते, असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचे ते हे की, हे चित्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?

रंगांचेही तेच. विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात अणुबल सूक्ष्मदर्शक आहे. त्यात लवचीक पट्टीच्या टोकाला असलेली अतिबारीक सुई थरावरून फिरते, पट्टी खालीवर होते, तिच्या पाठीवरून परावर्तित झालेला लेसर किरण ती हालचाल टिपतो. त्यातून उमटणारी सोनेरी-तपकिरी टेकड्यांची चित्रे प्रबंधांच्या पानोपानी असतात. तो सोनेरी रंग संगणकाने भरलेला आहे. आज्ञा बदलली तर त्याच टेकड्या निळ्या होतील. एकट्या अणूच्या पृष्ठभागाला रंग असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तरीही प्रत्येकाच्या मनात अणूचे एक चित्र पक्के असते, आणि ते शाळेत बसलेले असते. बालभारतीच्या पुस्तकात थॉमसन, रदरफोर्ड, बोर असे एकापाठोपाठ एक येतात आणि शेवटी मध्ये केंद्रक, भोवती वर्तुळे, वर्तुळांवर ठिपके, वर्तुळांना के, एल, एम अशी नावे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या झेंड्यावरही असाच फिरत्या कक्षांचा अणू आहे. हे चित्र दिसायला देखणे, काढायला सोपे आणि संयुजा शिकवायला सोयीचे आहे. म्हणूनच ते शंभर वर्षांनंतरही हटत नाही. वास्तविक ते जेमतेम तेरा वर्षे टिकले.

त्याची कथा सोन्याच्या वर्खापासून सुरू होते. मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला अर्नेस्ट मार्सडेन धातूच्या पातळ वर्खावर अल्फा कण सोडत होते. कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी ठिणगी चमके. ती दिसावी म्हणून आधी अर्धा तास अंधारात बसून डोळे सरावून घ्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठिणग्या मोजायच्या. बहुतेक कण आरपार जात. पण १९०९ साली त्यांना आढळले की काही थोडे सरळ मागे फिरतात. प्लॅटिनमच्या पत्र्यावर हे प्रमाण साधारण आठ हजारांत एक असे भरले. रदरफोर्ड यांनी दोन वर्षे या आकड्यांशी झटापट केली आणि १९११ मध्ये निष्कर्ष मांडला: अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान आणि सगळा धनभार मधोमध एका अत्यंत लहान जागेत दाटलेला आहे. केंद्रक त्यांनी पाहिले नाही. ठिणग्यांच्या कोनांवरून ते त्यांना मानावे लागले.

हे केंद्रक किती लहान? बिंदू चौकात दीड सेंटिमीटरची गोटी ठेवली आणि तिला हायड्रोजनचे केंद्रक मानले, तर अणूची हद्द चारशे-पाचशे मीटरवर, अंबाबाईच्या देवळाच्या अंगाला येईल. मधल्या साऱ्या पेठेत एकच इलेक्ट्रॉन. शाळेच्या पुस्तकातली आकृती या प्रमाणात काढायची तर पान पुरणार नाही, हे उघड आहे. पण अडचण केवळ मापाची नव्हती. गोल फिरणारा विद्युतभार सतत ऊर्जा बाहेर टाकतो. त्या न्यायाने इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत केंद्रकात कोसळायला हवा. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षांत तसे होत नाही, असा नियमच घालून दिला. हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषा त्यातून अचूक निघाल्या. हेलियमपाशी मात्र गाडी अडली. १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांचे समीकरण आले, त्याच वर्षी माक्स बोर्न यांनी त्याचा अर्थ लावला, आणि कक्षा कायमच्या गेल्या. इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणी सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. हायड्रोजनमध्ये ही शक्यता केंद्रकापासून ०.०५३ नॅनोमीटर अंतरावर सर्वाधिक भरते. म्हणजे आकडा बोर यांचाच, वर्तुळ तेवढे नाही.

आता शक्यतेचे चित्र काढायचे कसे? १९३१ साली अमेरिकेत हार्वे व्हाइट यांनी भन्नाट युक्ती केली. इलेक्ट्रॉनची शक्यता जिथे जास्त तिथे जास्त प्रकाश पडेल अशा बेताने त्यांनी यांत्रिक नमुने तयार केले, ते गरगर फिरवले आणि फिरत असतानाच त्यांचे फोटो काढले. कागदावर धुरकट गोळे, डंबेलसारख्या जोड्या, कडी उमटली. संगणकाच्या आधी अणूच्या पाठ्यपुस्तकांत दिसणारे ते ढगाळ फोटो या खटाटोपातून आलेले आहेत. पुष्कळ विद्यार्थ्यांना ते अणूचेच फोटो वाटत. आज पाठ्यपुस्तकांत कक्षकांचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागांचे, जे गुळगुळीत फुगे असतात, त्यांच्याबाबतही थोडी सावधगिरी हवी. त्या फुग्याची कड निसर्गात नाही. इलेक्ट्रॉन सापडण्याची नव्वद टक्के शक्यता जेवढ्या जागेत मावते, तिथे चित्रकाराने रेघ मारलेली असते. पंच्याण्णव टक्के धरले तर फुगा मोठा.

मग प्रत्यक्ष अणू पहिल्यांदा दिसला कधी? ११ ऑक्टोबर १९५५. आणि पाहणाऱ्या दोघांतला एक भारतीय होता, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचा पीएच. डी.चा विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनची अतिशय टोकदार सुई उणे २५० अंशांच्या आसपास थंड केली, भोवती विरळ हेलियम भरला आणि सुईला हजारो व्होल्ट दिले. टोकावर जो अणू थोडा पुढे आलेला, त्याच्यापाशी विद्युतक्षेत्र तीव्र होते. तिथे हेलियमचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि उरलेला धनभारित हेलियम सरळ रेषेत पडद्याकडे फेकला जातो. पडद्यावर एकेका अणूचा एकेक ठिपका उमटला, लाखो पट मोठा होऊन, आणि ठिपक्यांची ती नक्षी स्फटिकाच्या रचनेशी तंतोतंत जुळली. सव्वीस वर्षांनी, १९८१ मध्ये, झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी पृष्ठभागाला न टेकता त्यावरून फिरणारी सुई बनवली. सुई आणि पृष्ठभाग यांच्यात झिरपणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारा हा सूक्ष्मदर्शक. त्याला १९८६ चे नोबेल मिळाले. १९८९ मध्ये आयबीएमच्या डॉन आयग्लर यांनी तसल्याच सुईने झेनॉनचे ३५ अणू ढकलून कंपनीचे नाव लिहिले, तो फोटो तर सर्वतोमुखी झाला.

या सगळ्यांत अणू आहे हे दिसते. त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. गोळा दिसतो, गाभा नाही.

आत डोकावण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न २०१३ चा. ॲमस्टरडॅमच्या एका प्रयोगशाळेत अनेटा स्टोडोल्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनचा अणू घेतला, पण साध्या स्थितीतला नाही. लेसरने ऊर्जा देऊन त्याला तिसाव्या पातळीच्या आसपास नेले. अशा अणूचा पसारा साध्या अणूच्या शेकडो पट असतो, आणि त्यातला इलेक्ट्रॉन विजेच्या बारीकशा क्षेत्रानेही निसटायच्या बेतात येतो. निसटलेला इलेक्ट्रॉन एका शोधकावर पडतो आणि एक ठिपका उमटतो. पुन्हा अणू, पुन्हा ठिपका. असे असंख्य ठिपके साचल्यावर त्यांतून प्रकाशाची आणि अंधाराची कडी दिसू लागतात. श्रोडिंगरच्या गणितात इलेक्ट्रॉन जिथे कधीच सापडत नाही अशा जागा असतात. अंधारी कडी त्यांचीच, आणि संख्याही गणितात निघते तेवढीच. ही कल्पना रशियन सिद्धांतकारांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती. ती साधायला तीस वर्षे लागली. वर्तमानपत्रांनी बातमीला ‘हायड्रोजनच्या अणूचा पहिला फोटो’ असा मथळा दिला. तसे म्हणायला हरकत नाही, पण तो एका अणूचा फोटो नाही. एकाच स्थितीत आणलेल्या असंख्य अणूंनी एकेक ठिपका देऊन मिळून काढलेले ते चित्र आहे. एकाच अणूचे असे चित्र काढता येत नाही, कारण पहिल्याच ठिपक्याला तो मोडतो.

मारा न करता, केवळ गणिताने चित्र काढण्याचीही एक परंपरा आहे, आणि तिचा एक ठळक धागा पुण्यात आहे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे यांनी इलेक्ट्रॉनांच्या ढगापेक्षा वेगळ्या गोष्टीचा नकाशा हाती घेतला. अणूजवळ किंवा रेणूजवळ एक इवलासा धनभार नेला तर त्याला काय जाणवेल? केंद्रके त्याला दूर लोटणार, इलेक्ट्रॉन ओढून घेणार. दोन्हींची बेरीज म्हणजे विद्युत विभव. ही बेरीज रेणूभोवतालच्या प्रत्येक जागी काढली की शिखरे, खिंडी आणि दऱ्यांचा एक नकाशा तयार होतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एका अंगाला दऱ्या सापडतात. पुस्तकात जिथे दोन-दोन ठिपक्यांनी इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोड्या दाखवतात, त्याच त्या जागा. बेन्झिनमध्ये दरी कड्याच्या वर आणि खाली असते. येणारा धनभारित कण कुठे चिकटेल, औषधाचा रेणू प्रथिनाच्या कोणत्या खाचेत बसेल, हे या दऱ्यांवरून ताडता येते.

या नकाशाबद्दल गद्रे आणि पुणे विद्यापीठातलेच भौतिकशास्त्रज्ञ राजीव पाठक यांनी १९९० मध्ये एक नेटके प्रमेय सिद्ध केले. विभवाचे शिखर फक्त केंद्रकावरच असू शकते, दुसरीकडे कुठेही नाही. दऱ्या कुठेही असोत, खिंडी कुठेही असोत, पण दोन अणूंच्या मध्ये रिकाम्या जागी शिखर कधीच उभे राहणार नाही. इलेक्ट्रॉनांच्या नुसत्या दाटीच्या नकाशाला मात्र असे बंधन नाही. तिथे काही वेळा केंद्रक नसलेल्या जागीही उंचवटा निघतो आणि नकाशा वाचणारा गोंधळतो. विभवाच्या नकाशात तो धोका नाही, हे एकदा सिद्ध झाल्यावर संगणकाला दऱ्या-खिंडी शोधायला लावणे सोपे झाले. तोच काळ पुण्यात सी-डॅकचा ‘परम ८०००’ महासंगणक उभा राहण्याचा, १९९१ चा. मोठ्या रेणूंची गणिते अनेक प्रोसेसरांवर वाटून द्यायचे काम गद्रे यांच्या गटानेही हाती घेतले होते. १९९३ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. विभवाच्या या नकाशांची रंगीत चित्रे पाहताना एवढे लक्षात असू द्यावे की लाल आणि निळा हे रंग तिथे धन-ऋणाची खूण म्हणून येतात आणि कोणता रंग कशाला हे प्रत्येक गट आपापले ठरवतो.

केंद्रकाकडे वळायचे तर मुंबईला, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात जावे लागते. क्ष-किरणांची एक मोठी गैरसोय अशी की त्यांना फक्त इलेक्ट्रॉन कळतात. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, आणि तोही शेजारच्या अणूकडे ओढलेला. त्यामुळे क्ष-किरणांच्या नकाशात हायड्रोजन एक तर दिसतच नाही, किंवा खऱ्या जागेपेक्षा सुमारे ०.०१ नॅनोमीटर आत सरकलेला दिसतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून सरळ आत जातो आणि केंद्रकावरून विखुरतो. त्याला हायड्रोजन ठळक दिसतो. तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, नंतर सायरस आली, १९८५ मध्ये ध्रुव. या भट्ट्यांतून बाहेर काढलेल्या न्यूट्रॉनांच्या झोतावर पी. के. अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकिरणाचे प्रयोग उभे केले, आणि राजगोपाल चिदंबरम यांच्या गटाने अमिनो आम्लांच्या स्फटिकांतले हायड्रोजन नेमके कुठे बसले आहेत ते शोधले. दोघांचीही नावे लोकांना पोखरणच्या अणुचाचण्यांमुळे माहीत. प्रथिनाला घडी घालणारा हायड्रोजन बंध किती लांबीचा, हे मोजण्यात चिदंबरम यांची उमेदीची वर्षे गेली, हे मात्र बातम्यांत क्वचित येते.

न्यूट्रॉनालाही केंद्रक म्हणजे एक ठिपकाच. ठिपक्याच्या आत पाहायला आणखी जोराचा मारा लागतो. तो १९५० च्या दशकात स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅडर यांनी वेगवान इलेक्ट्रॉनांनी केला. केंद्रकाला कडक कवच नाही, ते काठाशी विरळ होत जाते, आणि खुद्द प्रोटॉनलाही आकार आहे, हे त्यांच्या आलेखांतून निघाले. १९६१ चे नोबेल त्यासाठी. तो आकार किती, यावर मात्र अलीकडेच चांगलीच जुंपली होती. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन काढून जागी म्युऑन बसवला. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, म्हणून तो केंद्रकाच्या फार जवळ राहतो आणि त्याच्या प्रकाशात प्रोटॉनच्या आकाराचा ठसा जास्त स्पष्ट उमटतो. त्यांचा प्रोटॉन तोवरच्या मान्य मापापेक्षा चार टक्क्यांनी लहान भरला. कोणत्या तरी नव्या बलाचा हा पुरावा असावा, अशीही चर्चा झाली. २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनांनीच केलेल्या नव्या मोजण्यांनी लहान मापाच्या बाजूने कौल दिला आणि आज ०.८४ फेम्टोमीटर ही त्रिज्या धरली जाते. फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचाही दहा लाखावा भाग.

प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क, असे पुस्तक सांगते आणि आकृतीत तीन रंगीत गोळ्या दाखवते. त्या तीन गोळ्यांची वस्तुमाने मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा साधारण शंभरावा भाग हाती लागतो. बाकीचे आतल्या बलाच्या आणि हालचालीच्या ऊर्जेतून येते. ती ऊर्जा आत कुठे कशी पसरलेली आहे, याचा त्रिमितीय नकाशा काढण्यासाठी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या टकरींचे नवे यंत्र उभारायचे काम चालू आहे. भारतीय संस्थांचाही त्यात सहभाग आहे, आणि त्या नकाशात काय दिसावे याची आगाऊ गणिते करणाऱ्यांत पवईच्या आयआयटीतले संशोधकही आहेत. यंत्र चालू व्हायला अजून काही वर्षे आहेत. तोवर तीन रंगीत गोळ्यांवरच भागवावे लागेल.